पाणी किती वेळात जिरतं

हातभर लांब, हातभर रुंद, गुडघाभर खोल.
असा खड्डा खणायचा, त्यात पाणी ओतायचं
आणि घड्याळ घेऊन काठावर बसायचं.
रॉसकॉमनच्या चिखलात, कॅरॅव्हॅनच्या दारासमोर
मी आणि डेक्लन बसलो होतो,
घरात कुणी तापलेलं असावं
आणि आम्ही पारा उतरायची वाट बघावी, तसे.

पाणी उतरेना.
मातीला तहानच नव्हती.
तपासनीस टनी पट्टी बुडवून म्हणाला,
"एक बोट उतरायला दोन तास.
इथे तुमचं सांडपाणी कुठे जाणार?"
आणि त्यानं ते पेन्सिलीनं लिहून घेतलं.
मला वाटलं, पेन्सिलीचं खोडता येतं.
नाही येत.

तोवर वीज कंपनीचं पत्र आलं:
जोडणीसाठी पोस्टकोड कळवा.
पोस्टकोडवाल्यांचं आलं:
घर राहतं झाल्यावर कोड मिळेल.
राहायला वीज लागते हो, मी फोनवर म्हटलं.
पलीकडची मुलगी गोड होती.
तिनं मला अकरा मिनिटं बासरी ऐकवली
आणि मग फोन आपोआप बंद झाला.

नियम असा की घरातून हवा निसटता कामा नये.
पुढचा नियम, हवा खेळती हवी.
डेक्लन दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून
रात्री टॉर्चच्या उजेडात वाचायचा,
मधेच हसायचा, मधेच नाही.

मग खांबाचं निघालं.
तार आणायची तर एक खांब
मॅलकी गेरिटीच्या शेतात रोवावा लागणार,
मालकाची सही आणा.

मॅलकी गेरिटी आणि माझे वडील
शेवटचं बोलले तेव्हा मी सात वर्षांची होते.
भांडण एका फाटकावरून.
फाटक आता गंजून गवतात पडलंय,
दोघांपैकी कुणीच ते उचललं नाही,
आणि वडील तर गेलेच.

मी प्लास्टिकच्या पाकिटात अर्ज घेऊन गेले.
चष्मा शोधायला त्याला दहा मिनिटं लागली,
वाचायला अर्धा तास.
बारीक अक्षरातलंही सगळं वाचलं,
जे कंपनीतसुद्धा कुणी वाचलं नसेल.
सही केली नाही.
"खड्डा कुठे खणलास?" एवढंच विचारलं.

सकाळी आला. गमबूट, काठी, मागे लंगडा कुत्रा.
खड्ड्यात बघितलं. पाणी होतं तिथेच,
त्यात एक ढग.
"इथे नाही जिरायचं," म्हणाला.
"तुझ्या बापानं इथून तीस वर्षं गुरं चालवली,
तुडवून तुडवून दगड केलाय मातीचा.
वर जा, दगडी भिंतीच्या पल्याड खण.
तिथे आम्ही बटाटे लावायचो."

आम्ही?

"आम्ही," तो म्हणाला, आणि कुत्र्याला हाक मारली.

त्या शब्दात मी नव्हते.
माझे वडील होते, कोवळे, बाह्या दुमडलेले,
ज्यांना मी कधी पाहिलं नाही,
ज्यांनी मला हे कधी सांगितलं नाही.

भिंतीच्या पल्याड माती काळी, भुसभुशीत.
एक बोट उतरायला अठ्ठावीस मिनिटं.
टनीनं मान हलवली, पेन्सिल कानामागे खोचली.
आम्ही टाळ्या वाजवल्या, खड्ड्यासाठी,
येड्यासारख्या.

सही त्यानं आमच्या गाडीच्या बॉनेटवर केली,
पावसानं शाई थोडी फुटली.
"खांब बांधाला लागून नको," म्हणाला,
"गाय पाठ घासेल."
घासू दे की, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. काही न बोलण्याचा
त्याला सराव होता.

खांब उभा राहिला. तार अजून नाही.
पोस्टकोड नाही. आठ फुटांपर्यंत भिंत आलीय,
डेक्लन विटा लावताना शिट्टीवर
तीच अकरा मिनिटांची बासरी वाजवतो, चुकत चुकत.
आणि संध्याकाळी गेरिटीची तांबडी गाय
खांबाला येऊन टेकते.
डोळे मिटते. घासते.